दीड मिलिमीटर

कडी चाळीस मिलिमीटर भरली. सावकाशने ती फडक्यावर ठेवली, थोडी फिरवून पुन्हा व्हर्नियर लावला, आणखी फिरवून तिसऱ्यांदा लावला आणि म्हणाली, "चाळीस पूर्ण, मॅडम. कुठे केसाचाही फरक नाही. जुन्या माणसांचं काम बघा." सावकाश म्हणजे आमच्या गटातली माझ्या खालोखालची बाई. कोणी काहीही उचलू लागलं, मग ती शिशाची वीट असो की कागदांचा गठ्ठा, की ही लांबून "सावकाश, सावकाश" म्हणून ओरडते. त्यामुळे अख्खी प्रयोगशाळा तिला त्याच नावाने ओळखते. तळघर रिकामं करायचा हुकूम आला होता. चौदा वर्षं कोपऱ्यात पडून असलेलं जुनं चेंबर भंगारात जाण्याआधी आतलं कामाचं सामान काढून घ्यायचं, एवढाच त्या दुपारचा कार्यक्रम होता. मी "हं" म्हटलं, आणि बोल्ट मोजत बसले. बोल्ट सोळा होते. सोळाच असायला हवे होते. कडी मात्र साडेअडतीस भरायला हवी होती. ती साडेअडतीस आहे असं मी छापलं होतं, आणि त्या छापलेल्यावर पहिलं नाव माझं होतं.

तुम्ही तिथे नेमकं काय करता, हे मला सासरी पहिल्यांदा विचारलं ते दिराने. नवऱ्याने कधी विचारलं नाही. तो जनावरांचा डॉक्टर; जे ओरडत नाही त्याला काही होत नसणार अशी त्याची धारणा. भावजी तेव्हा एका कारखान्यात लेथवर होते. जेवणं झाल्यावर ते ओट्याला टेकून उभे राहिले, अंगठा ओट्याच्या कडेवरून सवयीने फिरवत. कुठल्याही वस्तूची कड दिसली की खरखर लागते का हे बघायचं, ही त्यांची खोड होती. एकदा माझ्या लग्नातल्या ताटाचीही बघितली होती. मी सांगितलं: अणूचं केंद्र आपोआप बदलतं आणि बदलताना दोन कण फेकतं. एक इलेक्ट्रॉन, तो आपल्याला पकडता येतो. दुसरा न्यूट्रिनो, तो भिंतीतून, तुमच्याआमच्यातून, सगळ्यातून आरपार जातो, त्याला कोणी अडवू शकत नाही. आम्हाला त्या दोघांमधला कोन मोजायचा असतो. भावजींचा अंगठा थांबला. "जो दिसतच नाही त्याचा कोन?" मग दोन मिनिटांनी स्वतःच म्हणाले, "ज्याने फेकले तो मागे सरकत असेल ना, वहिनी? तो किती सरकला, कुठे सरकला, ते बघा. एकाचा हिशेब लागला की दुसऱ्याचा आपोआप लागेल." एवढं कळायला मला एम.एस्सी.चं दुसरं वर्ष उजाडावं लागलं होतं. मी त्याच महिन्यात आमच्या गटाच्या प्रमुखांकडे, म्हणजे मोठ्या सरांकडे, शब्द टाकला आणि भावजी आमच्या वर्कशॉपमध्ये आले.

तळघरातून वर येताना कडी माझ्या पिशवीत होती. सावकाशला मी म्हटलं, नोंद करून ठेव, बाकी उद्या बोलू. ती माझ्याकडे बघत राहिली. तिने तो जुना पेपर वाचलेला होता; आमच्याकडे येणारा प्रत्येक जण वाचतोच. तिला कळायला फार तर संध्याकाळ लागली असती, आणि कळल्यावर ती नीट, सभ्यपणे म्हणाली असती की मॅडम, एक दुरुस्तीची टीप छापायला पाठवू या. दुरुस्तीच्या टिपा मी पुष्कळ वाचल्यात. तीन ओळी असतात. अमुक अंतर चुकून अमुक धरलं गेलं, त्यामुळे निष्कर्ष असा बदलतो, लेखक दिलगीर आहेत. त्यात लेथवर कडी बनवणारा टर्नर नसतो. मूळ पेपरातही नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'यंत्रभागाच्या घडणीतील त्रुटी लक्षात घेता.' हे वाक्य माझं. मला ते तेव्हा फार संयमित वाटलं होतं.

रस्त्यावर ऊन होतं. बसथांब्यावर बसायला जागा असून मी उभी राहिले. त्या वर्षी आकडा आला होता उणे शून्य पूर्णांक तीनशे नऊ. सिद्धान्त सांगतो उणे एकतृतीयांश, म्हणजे तीनशे तेहतीस. दोन्ही कण एकमेकांकडे थोडी पाठ करून निघतात, ती पाठ किती, याचा तो आकडा. तो खरोखरच वेगळा आला तर निसर्गात कुणाला माहीत नसलेलं काहीतरी आहे असा अर्थ निघतो, आणि असा अर्थ काढणाऱ्या दहा जणांपैकी दहा जण चुकलेले असतात. त्यामुळे असा आकडा आला की माणूस आनंदत नाही, घाबरतो. आम्ही चुका शोधायला लागलो. पाच आठवडे शोधल्या. घड्याळं तपासली, तारा बदलल्या, धातूवर आपटून उलटे उडणारे इलेक्ट्रॉन पुन्हा मोजले. आकडा जागचा हलेना. मागे सरकणारं केंद्र ठरावीक अंतर कापायला किती वेळ घेतं त्यावरून आम्ही त्याचा वेग काढायचो, आणि ते ठरावीक अंतर राखायचं काम त्या कडीच्या जाडीचं. ड्रॉइंगवर चाळीस. मोठे सर म्हणाले, कडी मोजलीत का? कडी चेंबरच्या आत होती. चेंबर उघडलं की आतली निर्वात पोकळी गेली; ती पुन्हा मिळवायला तीन आठवडे पंप चालवायचे, आणि परिषद दोन आठवड्यांवर. पण फडताळात तिची जोडीची कडी होती, एकाच माणसाने, एकाच महिन्यात बनवलेली. ती मी मोजली. साडेअडतीस. गणितात चाळीसच्या जागी साडेअडतीस घातलं तेव्हा पडद्यावर उणे तीनशे बत्तीस उमटलं आणि खोलीत कोणीतरी टाळी वाजवली. सुंठीवाचून खोकला गेला. त्या क्षणानंतर आम्ही एकही चूक शोधली नाही. आमच्या धंद्याची हीच रीत आहे, कुणी कबूल करो न करो: जुळणारा आकडा तो बाब्या आणि न जुळणारं ते कार्टं. कार्ट्याच्या खिशांची झडती होते, बाब्याला कोणी काही विचारत नाही.

भावजींना मात्र विचारलं. विचारलं म्हणजे बोलावलं. ते हात पुसत आले, शर्टाला तेलाचा वास, आणि मोठ्या सरांच्या टेबलापाशी उभे राहिले, कारण बसा असं कोणी म्हटलं नाही; मीही नाही. कडी बघून म्हणाले, "ही पहिल्या ड्रॉइंगची. त्यात साडेअडतीसच होतं. नंतर तुम्ही चाळीस केलंत म्हणून मी दुसरी बनवली. आत आहे ती दुसरी." पहिलं ड्रॉइंग कुठाय? ते कोणाला सापडलं नाही. मोठे सर आकडे पेन्सिलीने बदलायचे आणि जुने कागद फाडून मागच्या बाजूला सामानाच्या याद्या लिहायचे, हे मला माहीत होतं. भावजी सरांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. "वहिनी, उघडून बघा ना." एवढंच. दोनदा म्हणाले. मी म्हटलं, "भावजी, तीन आठवडे जातील." मी ऑफिसात त्यांना भावजी म्हणत नसे, त्या दिवशी म्हटलं. का म्हटलं हे चौदा वर्षांत मी स्वतःला विचारलेलं नाही. बहुतेक एवढ्यासाठी, की घरचा माणूस आहे, सांभाळून घेईल.

परिषद झाली. मग उघडता आलं असतं. त्याच्या पुढच्या महिन्यात तर चेंबर नुसतं बसून होतं. उघडलं नाही, कारण मला उघडायचं नव्हतं. हे इतकं सोपं वाक्य आहे आणि बस येईपर्यंत मला ते जमलं नव्हतं. वर्कशॉपच्या साहेबाने भावजींना बारीक कामावरून काढून जाळ्या आणि कपाटं जोडायला लावलं. पाच महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. लेथ पुन्हा धरला नाही. आता एका दवाखान्यात बाकड्यांसमोर उभे राहून पेशंटचे नंबर पुकारतात. घरी येणं-जाणं तुटलं नाही, हे आणखी वाईट. ते माझ्याशी कधीच वाकडं वागले नाहीत. वाढदिवसाला पहिला फोन त्यांचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण संन्यासी दर वर्षी फोन करून चोराला शंभर वर्षांचं आयुष्य चिंततो, हे म्हणीत कुठे येत नाही.

नवरा घरी होता. आता निवृत्त झालाय. शेजाऱ्यांच्या मांजरांपुरता डॉक्टर उरलाय. मी कडी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्याने ती उचलली, भोकातून माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच ओशाळून खाली ठेवली.

"म्हणजे तो खरं बोलत होता."

"हो."

"तू मला तेव्हा म्हणालीस, शंभर टक्के त्याचीच चूक."

"म्हणाले होते."

"मी त्याला झापलं होतं त्यावरून. माझ्या बायकोला मान खाली घालायला लावलीस म्हणून." त्याने कडी बोटाने थोडी दूर सरकवली. "आता कशाला उकरून काढतेस? तो सुखात आहे. हात दाखवून अवलक्षण."

"कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडतंच. सावकाशला आत्तापर्यंत कळलं असेल."

"मग छापा तुमचं काय ते. तो कुठे वाचतोय?"

हे खरं होतं आणि म्हणूनच मला राग आला. छापायची मला भीती नव्हती. नवल वाटेल, पण नव्हती. दुरुस्ती केल्यावर आकडा पुन्हा तीनशे नऊवर जाणार. म्हणजे दुसरी कुठलीतरी चूक आम्ही त्या सहाव्या आठवड्यात शोधायची सोडली होती, आणि ती आता सापडणार नाही. किंवा चूक नव्हतीच, आणि जन्मात एकदा दिसणारी गोष्ट मला दिसली आणि मी तिच्या तोंडावर दार लावलं. यातलं काय खरं, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. साठी उलटल्यावर एवढं सोसता येतं. सोसवत नव्हतं ते दुसरंच. एका माणसाच्या हातात कसब होतं, आणि त्याला मी पटवून दिलं की ते नाही. ते मला त्याला परत द्यायचं होतं. त्याच्या हातात, माझ्या तोंडाने, तीन ओळींत नव्हे. बाकी काही उरलं नव्हतं. रात्रभर मी वाक्य घासत होते. भावजी, तुमचं बरोबर होतं. भावजी, मी चुकले. आधी कुठलं म्हणायचं हेच ठरेना.

रविवारी सकाळी मी एकटीच गेले. तिसरा मजला. जावेने दार उघडलं आणि पहिल्यांदा माझ्या मागे बघितलं, दादा नाहीत म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. "सगळं बरं आहे ना? आधी पाणी घ्या. बसा." भावजी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. दोरीवर चिमटे लावलेले होते, दोन चिमट्यांमधलं अंतर दर वेळी तेवढंच. मी बघत राहिले. त्यांना ते माहीत नसावं.

"वहिनी! अशा अचानक?" आवाज मोठा झालाय त्यांचा, नंबर पुकारून पुकारून.

मी बसलेसुद्धा नाही. "भावजी, जुनं चेंबर उघडलं परवा. आतली कडी चाळीस निघाली. पूर्ण चाळीस. तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं. मी भलतीच कडी मोजली होती, आणि तुम्ही सांगूनही उघडून बघितलं नाही. चूक माझी. सगळी माझीच."

त्यांनी हातातला टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला. "कुठली कडी?" मग, "अच्छा, ती होय," आणि हसले. "अजून तेच धरून बसलात? नाही हो वहिनी. ती माझ्याच हातून बिघडली होती."

"नव्हती बिघडली. मी सांगते ना."

"मला आठवतंय ना. दुपारची वेळ होती. शेवटचा कट घेताना हात हलला. तेव्हाच कळलं मला. म्हटलं, जाईल चालून. मग तुम्ही सगळे विचारायला लागलात, तर कबूल करायची लाज वाटली. म्हणून ते पहिलं ड्रॉइंग, दुसरी कडी, असलं काहीबाही बोललो." ते आत आले, खुर्चीवर बसले, मलाही बसायची खूण केली. "साहेबांसमोर तुमची मान खाली गेली माझ्यामुळे. दादा बोलला मला. बोलणारच. बरोबर होतं त्याचं."

हात हलून दीड मिलिमीटर जात नाही. हात हलला तर मिलिमीटरचे शतांश जातात. दीड मिलिमीटर जायला माणसाला तिथे उभं राहून चाक फिरवतच राहावं लागतं. हे भावजींना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मला त्यांनीच शिकवलं होतं. मी पिशवीतून कडी काढली, व्हर्नियर काढला, दोन्ही त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवलं. "तुम्ही मोजा. तुमच्या हाताने."

त्यांनी कडीकडे पाहिलं. अंगठा किंचित उचलला गेला, तो त्यांनी मुठीत घेतला. "मी नाही हात लावत आता असल्या वस्तूंना."

"मग मी मोजते. तुम्ही आकडा वाचा."

"तेव्हापण तुम्ही मोजूनच सांगितलं होतं, वहिनी."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी त्यांचे पाय धरले असते. ते मला समजावून सांगत होते. "तुम्ही कशा मोजता हे मी बघितलेलं. तीन-तीनदा. म्हटलं, या चुकणार नाहीत. मग माझंच काय चुकलं ते आठवायला लागलो. वर्षभर आठवत होतो, झोप नाही की काही नाही. काही केल्या आठवेना. मग एक दिवस आठवलं. हात हलला होता. आठवलं तसं बरं वाटलं एकदम. त्या रात्री जेवलो पोटभर. विचारा हिला."

जाऊ स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती. ती माझ्याकडे अशी बघत होती की मला पहिल्यांदा कळलं, त्या वर्षभरात या घरात काय काय झालं असेल, आणि ते मला कोणी कधी सांगितलं नाही. मी तरीही बोलत राहिले. दुसरी कडी, पहिलं ड्रॉइंग, सरांची पेन्सिल. वर्गात शिकवावं तसं एकेक करून मांडलं. खरं आहे ते कोणालाही पटायलाच हवं, अशी माझी आयुष्यभराची समजूत. भावजी ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा होत होता.

"पोरीला टर्नर व्हायचं होतं," ते मध्येच म्हणाले. "कोर्सचा फॉर्म घेऊन आली होती, भरून. मी फाडला. रडली, चार दिवस बोलली नाही माझ्याशी. मी म्हटलं, बाई गं, आपल्या हातात नाही ते, आपला हात हलतो. आता फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम करते दिवसभर. तिला काय सांगू, वहिनी? काय सांगू, की बरोबर होतं सगळं?"



त्यांनी उजवा हात पुढे केला, बोटं पसरून, माझ्या डोळ्यांसमोर धरला. "हे बघा. अजून हलतो. तुम्हीच बघा ना. तुम्हाला कळतं." ते हाताकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे भ्यालेले होते. जावेच्या हातातला कप बशीवर किणकिणत होता. गॅलरीतून उजेड येत होता आणि त्यात तो हात अगदी स्थिर होता, बोटांची टोकंसुद्धा. मी बराच वेळ बघितलं. बघण्यात माझा जन्म गेलाय.

"हलतोय ना?"

"हो," मी म्हटलं. "थोडा हलतोय."